आदेश वॉशिंग्टनचा, पेच सीप्झचा

घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून ॲक्वा लाइनने सीप्झ, म्हणजे मुंबईतलं खास निर्यात क्षेत्र. या वाटेने अनेक जण दागिन्यांच्या कारखान्यांत कामाला जातात. अनिश्चित जगात सत्ता कशी चालते, हे त्यांच्या धंद्यावरून नीट समजतं.

पाच महिन्यांत चार दर

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने भारतीय मालावर २६ टक्के शुल्क जाहीर केलं. आठवड्याभरात ते स्थगित करून १० टक्के ठेवलं. ७ ऑगस्टपासून २५ टक्के झालं आणि रशियन तेलखरेदीचं कारण देत २७ ऑगस्टपासून ५० टक्के. दर चढा असला तरी हिशेब मांडता येतो. तो उद्या काय असेल हेच माहीत नसेल, तर नाताळची ऑर्डर कोणत्या भावाने घ्यायची?

हुकमाची ताकद

मोठी बाजारपेठ असलेला देश अटी लादू शकतो. परिणाम मात्र त्याच्या हातात राहतातच असं नाही. कंपन्यांचंही तसंच: डी बियर्सने विसाव्या शतकात कच्च्या हिऱ्यांचा बहुतांश व्यापार मुठीत ठेवला होता. पुढे स्पर्धक खाणी आल्या, प्रयोगशाळेत घडवलेले हिरे आले आणि ती मूठ सैल झाली.

वाट काढण्याची ताकद

पीटर कॅटझेनस्टाइन आणि लुसिया सायबर्ट या अभ्यासकांनी २०१८च्या ग्रंथात दुसऱ्या प्रकारची ताकद मांडली: अनपेक्षित प्रसंगी रूप बदलून मार्ग शोधण्याची. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्ससाठी उभं राहिलेलं सीप्झ पुढे दागिन्यांच्या निर्यातीसाठी ओळखलं जाऊ लागलं, हे तिचंच उदाहरण. २०२२च्या करारामुळे संयुक्त अरब अमिरातीत भारतीय दागिन्यांवरचं शुल्कही उठलं. पण इथे घडवलेला दागिना नुसता दुबईमार्गे अमेरिकेत पाठवला, तर शुल्क चुकत नाही. तो घडला कुठे, हे पाहिलं जातं.

किंमत कोण मोजतं?

खडे जडवणारा कारागीर भिंगाखाली बारीक खडा खोबणीत बसवतो, तो धरून ठेवणारी एकेक नखी दाबतो. डिझाइन बदललं, सोनं कमी झालं, खडा बदलला, तरी काम निभावतं ते या हातांवर. ऑर्डर आटली की आधी ओव्हरटाइम जातो, मग कंत्राटी माणसं. गावी परतलेला किंवा दुसऱ्या धंद्याला लागलेला कारागीर हाक मारताच परत येत नाही. म्हणून मंदीत पगाराला आधार आणि नव्या कामाचं प्रशिक्षण देणं ही उद्योगाची आणि सरकारची जबाबदारी आहे. धंद्याची वाट काढण्याची ताकद टिकवायची, तर आधी हा कारागीर टिकला पाहिजे.