पलटणीच्या फुटबॉल टीमचा जुना फोटो मोठा कसा छापायचा?

सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत दुसऱ्या महायुद्धातले फोटो आहेत. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं तर फौजेमुळेच ओळखली जातात. आमच्याकडे होता आजोबांच्या पलटणीतल्या फुटबॉल टीमचा ६×४ इंची फोटो. सांगलीच्या आत्याला तो भिंतीवर लावायला मोठा हवा होता.

स्कॅन : मोबाइलने टिपू नका, फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआय ठेवा. ३६००×२४०० पिक्सेल मिळतात. छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरले, की १२×८ इंची प्रिंट व्यवस्थित येते. मूळ स्कॅन टिफ फाइलमध्ये ठेवा; जेपीजी दर वेळी सेव्ह करताना थोडा तपशील गळतो.

एआय : मी इथेच फसलो. अ‍ॅपने चेहरे एकदम लख्ख केले. आत्या बघून म्हणाली, "झकास आहे रे, पण हे आमचे आबा नव्हेत." फोटोत चेहरा जेमतेम नखाएवढा. जे दिसत नाही, ते एआय शिकलेल्या इतर चेहऱ्यांवरून भरतं. म्हणून फक्त डाग, ओरखडे आणि उजेड-अंधार दुरुस्त करा.

छपाई : पिगमेंट शाई आणि आम्लमुक्त कॉटन पेपर मागा; रंग लवकर उडत नाही.

आता आत्याच्या भिंतीवर आबा थोडे धूसर आहेत, पण आबाच आहेत.