विचाराचे नियम (भाग ३) : एकच, की सारखे?

मागच्या भागात आपण व्याघाताचा नियम पाहिला. एकच विधान एकाच वेळी, एकाच अर्थाने खरे आणि खोटे असू शकत नाही, असे तो सांगतो. त्या नियमाशी वाद घालायला निदान जागा तरी होती. आजच्या नियमाशी वाद कसा घालायचा हेच सुचत नाही. प्रत्येक वस्तू स्वतःशी एकरूप असते. अ म्हणजे अ. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत याला तादात्म्याचा नियम म्हणतात. तो वाचल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की हे सांगायची गरज काय?

प्रश्न रास्त आहे. एखादी वस्तू ती स्वतःच का आहे असे विचारणे म्हणजे काहीच न विचारणे, असे खुद्द ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’मध्ये म्हटले आहे. व्याघाताच्या नियमासाठी त्याने त्याच ग्रंथात भरपूर शाई खर्च केली, पण तादात्म्याला तशी वेगळी जागा दिली नाही. ती जागा लायबनिट्स या जर्मन तत्त्वज्ञाने दिली. त्याने ‘अ म्हणजे अ’ या साच्यातली विधाने सगळ्या तर्कसिद्ध सत्यांच्या मुळाशी बसवली. पुढे विसाव्या शतकात काही लोक अगदी दुसऱ्या टोकाला गेले. आयन रँडने १९५७च्या ‘ॲटलस श्रग्ड’ या कादंबरीच्या तिसऱ्या भागाला ‘अ म्हणजे अ’ हेच नाव दिले आणि त्यातून नीतीपासून अर्थकारणापर्यंत सारे निघते असा आव आणला. मला ते मुळीच पटत नाही. अ काय आहे, कसा आहे, याबद्दल हा नियम अवाक्षर काढत नाही. वस्तू बदलत नाहीत असेही तो म्हणत नाही. आज हिरवी असलेली कैरी पंधरा दिवसांनी पिवळी झाली, तरी नियमाला त्याचे सुखदुःख नाही.

मग त्याचा उपयोग कशासाठी? हे कळायला आधी ‘बरोबर’चे चिन्ह नीट पाहू. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली छापलेल्या पुस्तकात ते पहिल्यांदा वापरले: एकाखाली एक, समांतर, सारख्या लांबीच्या दोन रेघा. याहून समान अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत, हे त्याने दिलेले कारण. कारण सुंदर आहे, पण त्या रेघा दोन आहेत! एक वर आहे, एक खाली. त्या सारख्या आहेत, एक नाहीत.

युक्लिडचे ‘समान’ याच जातीचे आहे. एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये असलेले समांतरभुज चौकोन समान असतात, हे त्याच्या पहिल्या पुस्तकातले ३५वे प्रमेय. एक चौकोन ताठ उभा, दुसरा पार कललेला. बाजूंची लांबी वेगळी, कोन वेगळे; समान आहे ते क्षेत्रफळ. म्हणजे इथे समानता कोणत्या तरी बाबतीतली आहे, आणि ती बाब कोणती हे विचारल्याशिवाय विधानाला अर्थ येत नाही. उंचीत समान, वजनात समान, मताधिकारात समान, अशी ही यादी हवी तेवढी लांबवता येते.

तर्कशास्त्रातले ‘=’ वेगळे आहे. १/२ = २/४ असे लिहितो तेव्हा दोन संख्या एखाद्या बाबतीत सारख्या आहेत असे आपण म्हणत नसतो. संख्या एकच आहे आणि ती दोन तऱ्हांनी लिहिली आहे, असे म्हणत असतो. ‘कोणत्या बाबतीत?’ हा प्रश्न इथे लागूच होत नाही.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते. वस्तू एकच असेल, तर ‘अ = ब’ या विधानाने ‘अ = अ’ पेक्षा जास्त काय सांगितले? हा प्रश्न गोटलोब फ्रेग या जर्मन तर्कज्ञाला वर्षानुवर्षे सतावत होता. १८७९च्या ग्रंथात त्याने उत्तर दिले की हा संबंध वस्तूंचा नसून नावांचा आहे. १८९२ साली त्याने आपलेच उत्तर मोडीत काढले. नावे तर आपण मनाला येतील तशी ठेवतो. ‘अ = ब’ हे फक्त नावांबद्दल असते, तर त्यातून जगाविषयी काही कळले नसते. पण कळते तर खरेच. त्याने उदाहरण दिले ते पहाटेच्या ताऱ्याचे आणि संध्याकाळच्या ताऱ्याचे. दोन्ही म्हणजे शुक्र.

या उदाहरणासाठी आपल्याला जर्मनीपर्यंत जायला नको. परंपरेने शुक्राच्या अस्तात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, म्हणून पंचांगात त्याच्या उदयास्ताची नोंद असते. कधी ती अशी असते: शुक्राचा पश्चिमेस अस्त, आणि थोड्याच दिवसांनी पूर्वेस उदय. ही नोंद जरा थांबून वाचावी. संध्याकाळी पश्चिमेला काही महिने झळकणारी एक चांदणी सूर्याच्या उजेडात बुडाली. मग पहाटे पूर्वेला एक चांदणी दिसू लागली. मधल्या दिवसांत कोणी तिला इकडून तिकडे जाताना पाहिलेले नाही. डोळ्यांना दिसल्या त्या दोन गोष्टी: वेगळी दिशा, वेगळी वेळ. तरी नोंदीत कर्ता एकच आहे, शुक्र. साधारण ५८४ दिवसांचे ते चक्र कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या मोजले, तेव्हा कुठे ती ‘बरोबर’ची खूण त्या एका ओळीत लपून बसली. ‘शुक्र म्हणजे शुक्र’ हे कळायला कोणालाही आकाशाकडे बघावे लागले नसते.

फ्रेगचे दुसरे उत्तर असे: नाव वस्तूकडे बोट दाखवते, पण ते दाखवण्याची त्याची एक रीत असते. ‘अ = ब’ मध्ये वस्तू एक, रीती दोन. नवे ज्ञान मिळते ते या दोन रीती एकाच ठिकाणी पोहोचतात याचे.

हे उत्तर वाचताना मला नेहमी बंगालमधले नवद्वीप आठवते. सतराव्या शतकात तिथे गदाधर भट्टाचार्य हा नव्यन्यायाचा पंडित होऊन गेला. ‘व्युत्पत्तिवाद’ या ग्रंथात वाक्यातून बोध कसा होतो याची चर्चा करताना तो विचारतो: ‘नीलो घटः’ म्हटले की निळी वस्तू आणि घट यांच्या अभेदाचा बोध होतो, मग ‘घटो घटः’ म्हटल्यावर का होत नाही? दोन्हीकडे पदे एकाच विभक्तीत आहेत, व्याकरणात खोट नाही. त्याचा निर्णय असा, की अभेदाचा बोध व्हायला दोन्ही पदांनी वस्तू वेगवेगळ्या रूपाने समोर आणावी लागते. एकदा निळेपणाने, एकदा घटपणाने. घटपणानेच दोनदा आणली तर बोध होत नाही. गदाधराचा प्रश्न वाक्याच्या बोधाचा होता आणि फ्रेगचा गणिताच्या पायाचा, तेव्हा दोघांचे म्हणणे तंतोतंत एक आहे असा दावा मी करणार नाही. पण ज्या जागी अडायला हवे, नेमक्या त्याच जागी हा पंडित फ्रेगच्या दोनशे वर्षे आधी अडला होता, आणि आपल्याकडे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात त्याचे नाव येत नाही, याची मला खंत वाटते.

आता ‘अ = अ’ कडे परत येऊ. तो बिनकामाचा वाटतो, कारण त्याचा जोडीदार आपण अजून आणलेला नाही. तो जोडीदार म्हणजे बदलीचा नियम: अ = ब असेल, तर अ बद्दल जे जे खरे ते ते ब बद्दलही खरे; म्हणून एकाच्या जागी दुसरे नाव घालता येते. दोघे मिळून काय करतात ते पाहा. समजा अ = ब एवढेच ठाऊक आहे, आणि ब = अ सिद्ध करायचे आहे. ते उघड आहे असे म्हणून सुटका नाही, कारण बदलीच्या नियमाने उलटे फिरवायची परवानगी कुठेच दिलेली नाही. सुरुवात करायला एखादे विधान हवे, आणि ते तादात्म्याचा नियम देतो: अ = अ. यातल्या पहिल्या अ च्या जागी ब घाला. ब = अ मिळाले. तसेच अ = ब आणि ब = क असतील, तर पहिल्यातल्या ब च्या जागी क घाला; अ = क मिळाले. युक्लिडने जे न सिद्ध करता गृहीत धरले, की एकाच वस्तूशी समान असलेल्या वस्तू परस्परांशीही समान असतात, ते तादात्म्यापुरते अशा एका ओळीत सिद्ध होते.

बदली कुठे चालते आणि कुठे अडखळते, हे पाहायला मराठीत फार चांगले उदाहरण आहे. राम गणेश गडकऱ्यांनी कविता लिहिल्या त्या गोविंदाग्रज या नावाने, आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. म्हणजे गोविंदाग्रज = बाळकराम. गोविंदाग्रज १९१९ साली वारले, म्हणून बाळकरामही १९१९ साली वारले. चोख. आता एक वाचक घ्या, ज्याला ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे ठाऊक नाही. ‘गोविंदाग्रज कवी आहेत असे तो मानतो’ हे खरे. ‘बाळकराम कवी आहेत असे तो मानतो’ हे मात्र खोटे असू शकते. माणूस तोच आणि नियमही तोच, तरी निष्कर्ष हातातून निसटला.

बर्ट्रांड रसेलने १९०५ साली हीच अडचण मांडली. ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी १८१४ साली निनावी निघाली होती, आणि तिचा लेखक स्कॉटच का, हे राजा चौथ्या जॉर्जला जाणून घ्यायचे होते, असे ते उदाहरण. लेखक खरोखर स्कॉटच होता, म्हणून बदली केली तर, स्कॉट हा स्कॉटच का, असे राजाने विचारल्यासारखे होते. माझ्या मते इथे नियम मोडत नाही. ‘मानतो’, ‘ठाऊक आहे’, ‘जाणून घ्यायचे आहे’ असे शब्द आले की वाक्य नुसते वस्तूबद्दल राहत नाही. वस्तू त्या माणसासमोर कोणत्या रूपाने आली, याबद्दलही होते. ते रूप बदलले तर विधानच बदलते.

राहिली उलटी बाजू. एकच वस्तू असेल तर गुणात फरक नसणार, हे झाले. पण गुणात कुठलाच फरक नसेल तर वस्तू एकच असणार का? लायबनिट्स म्हणाला, हो. १७१६ साली क्लार्क या इंग्रज तत्त्वज्ञाला लिहिलेल्या पत्रात तो जर्मनीतल्या हेरेनहाउसेनच्या बागेतला प्रसंग सांगतो: तंतोतंत सारखी दोन पाने सहज सापडतील असे एका गृहस्थाला वाटत होते, राजकुमारी सोफी यांनी त्याला शोधायला लावले, आणि बाग पालथी घालूनही तशी पाने मिळाली नाहीत. त्या बागेतल्या पानांपुरता हा पुरावा ठीक आहे. मॅक्स ब्लॅकने १९५२ साली वेगळेच विश्व कल्पून पाहिले: त्यात फक्त दोन लोखंडी गोळे, हुबेहूब सारखे, बाकी काही नाही. ‘डावीकडचा’ म्हणायचे तर कोणाच्या डावीकडचा? एकाबद्दल जे म्हणाल ते दुसऱ्याबद्दलही खरे, तरी गोळे दोनच.

पण कल्पनेतल्या विश्वाचीही गरज नाही. वर्ग केला की −१ येतो, अशा दोन संख्या आहेत. एकीला आपण ‘आय’ म्हणतो, दुसरीला ‘उणे आय’. दोघींच्या जागा सगळीकडे अदलाबदल करा: नेहमीच्या वास्तव संख्या जागच्या जागी राहतात आणि बेरीज-गुणाकाराचे एकही खरे समीकरण खोटे होत नाही. बेरीज-गुणाकाराच्या भाषेत एकीला लागू पडेल आणि दुसरीला पडणार नाही असे वर्णन करताच येत नाही. तरीही त्या एक नाहीत. एक असत्या तर त्यांची वजाबाकी शून्य आली असती, आणि ती येत नाही.

(पुढील भागात : विधान खरे किंवा खोटे, तिसरा पर्याय नाहीच का?)