कुरडईची तार का तुटते?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या 10 किलो गव्हाच्या कुरडया हातच्या गेल्या. वाळताच त्यांचा चुरा झाला. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला कार्ल्यात आलेलं गिऱ्हाईक चुरा कशाला घेईल? त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता बचतीतून भरावा लागला. आम्ही सगळ्यांनी गव्हाला दोष दिला. गटातल्या आजी मात्र म्हणाल्या, "गव्हाला काय बोलता? चीक कच्चा होता, नि हातांना घाई होती." आजींचं बोलणं शास्त्राला धरून आहे. ते कसं, ते आज सांगतो.

गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून खाली बसतो तो चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च. त्याचा एकेक रेणू म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ. अशा लांब माळेला पॉलिमर म्हणतात. प्लास्टिक, रबर, लोकर याच जातीचे. कच्च्या चिकात या माळा बारीक दाण्यांत बांधलेल्या असतात. उकळत्या पाण्यात हाटलं की दाणे फुगतात, माळा सुटून एकमेकींत गुंततात आणि चीक चकाकायला लागतो. गुंताच झाला नाही तर तार धरणार कशी?

मोकळी माळ सरळ राहत नाही, न विंचरलेल्या केसांसारखी गोळा होते. गोळा व्हायच्या तऱ्हा असंख्य, ताठ राहायची एकच. अरुंद वाटेत तिला ताणून घ्यावं लागतं आणि बाहेर पडताच ती पुन्हा आखडते. म्हणून सोऱ्यातून आलेली तार चकतीच्या भोकापेक्षा किंचित जाड दिसते.

कुणी म्हणेल, भोक तर केवढं मोठं! खरंय, रेणूच्या मानाने ती गावाची वेसच. माळेला खरी अडचण शेजारच्या माळांची. यात्रेत गडाच्या पायऱ्यांवर बाजूला सरकता येत नाही, पुढे-मागेच हलता येतं, तसंच. फ्रान्सचे शास्त्रज्ञ पिअर-जिल द जेन यांनी 1971 साली मांडलं, की अशी माळ बिळातल्या सापासारखी सरपटत गुंत्यातून सुटते. त्यांच्या हिशेबाने माळ दुप्पट लांब असेल तर सुटायला आठपट वेळ लागतो! त्यांना 1991 साली नोबेल मिळालं. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकरांनी पॉलिमरवर मोठं काम केलं आहे.

आता सोऱ्याकडे या. सावकाश दाबलं तर माळांना सरपटायला वेळ मिळतो. दणकन दाबलं तर ताण सैल व्हायच्या आत तार बाहेर येते, अंगाला खरबरीत होते, जागोजाग चिरते. प्लास्टिकच्या नळ्या काढणाऱ्या कारखान्यांतही हेच दुखणं असतं. तिथेही वेग कमी करतात, नाहीतर उष्णता वाढवतात.

पण सावकाश म्हणजे रेंगाळत नव्हे. चीक निवू लागला की माळा शेजारी शेजारी चिकटून घट्ट होतात, शिळा भात कडक होतो तशा. मग सोऱ्यावर दोघी बसल्या तरी तार तुटकच. म्हणून पातेलं झाकून ठेवायचं आणि सोऱ्यात थोडा थोडा गरम चीक भरायचा.

यंदा आम्ही जोड्या लावल्या, एक हाटणारी, एक दाबणारी. पहिलं पातेलं चकाकेपर्यंत आजी चुलीपासून हलल्या नाहीत. चुरा यंदाही निघाला, पण सुपभरच. तो आमच्याच घरी भाजीला गेला.