लादीखालचे घर

सुट्टी लागली की आमचे मित्र कोणी गावी जातात, कोणी किल्ले पालथे घालतात. मी मात्र गेली दिवाळीची सुट्टी सिमेंटच्या धुळीत काढली. आमच्या न्हाणीघराची दुरुस्ती निघाली होती. बाबांना रजा नव्हती, आईची शाळा होती. तेव्हा 'कामावर उभे राहण्याची' जबाबदारी घरातल्या एकमेव रिकामटेकड्या माणसावर आली. मराठी साहित्य घेऊन बी. ए. करणाऱ्याला नळाचे काय कळणार? पण तीन आठवड्यांत जे कळले, ते जुन्या इमारतींत राहणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची इमारत १९७१ सालची, मुंबईच्या उपनगरातली, चार मजल्यांची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या बरोबर खाली काकू एकट्या राहतात. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला तीन वर्षांपूर्वी ओल आली. काकू म्हणत, ''पाणी तुमच्याकडूनच येतंय.'' बाबा म्हणत, ''ते पावसाचं. बाहेरच्या भिंतीतून येतं.'' शब्दाने शब्द वाढला आणि दोन घरांतले जाणेयेणे थांबले. ज्या घरात मी लहानपणी अर्धा दिवस असे, तिथे संक्रांतीचा तिळगूळसुद्धा जाईनासा झाला.

काम काढले ते मात्र या ओलीसाठी नव्हे. नळाची धार करंगळीएवढी झाली होती आणि सकाळी पहिले पाणी तांबूस येई. बाबांचा बेत साधा होता: नवे नळ, छतापर्यंत मोठ्या पांढऱ्या टाइल्स, नवा बेसिन. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ''खालची ओल मे महिन्यातही असते का?''

हे आम्ही कधी विचारलेच नव्हते! बाहेरच्या भिंतीतून मुरलेले पावसाचे पाणी उन्हाळ्यात सुकते. बारमाही ओल असेल तर दोष घरातल्या पाण्याचा. विचारायला जाणे माझ्याच वाट्याला आले. काकूंनी दार उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, ''ये, आत ये.'' ओल मे महिन्यातही होती.

मिस्त्रींनी आणखी दोन परीक्षा सांगितल्या. न्हाणीघराचा मुख्य कॉक दोन दिवस बंद ठेवायचा आणि आंघोळ बादलीने पाणी आणून करायची. खालचे ठिबकणे थांबले तर दोष भिंतीतल्या नळात. चालूच राहिले तर सांडपाण्याच्या वाटेत किंवा जमिनीत. आमच्याकडे ते कमी झाले, पण थांबले नाही. म्हणजे दोष दोन्हीकडे! मग मोरीच्या पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओतली. दुसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर फिकट निळा डाग उमटला. बाबा तो पाहायला खाली गेले. परत आल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आता या दोषांची कारणे पाहू.

त्या काळातल्या इमारतींत पाण्याचे नळ जी. आय. चे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असत. हा मुलामा रंगासारखा नुसता वर बसलेला नसतो. पाणी आणि हवा यांच्या संगतीत जस्त स्वतः आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. जस्त संपले की लोखंडाची पाळी येते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून नळाच्या आत गंजाच्या गाठी वाढत जातात. आमचा काढलेला तुकडा मी डोळ्याशी धरून पाहिला. बाहेरून अर्धा इंची नळ, पण आत पेन्सिल जेमतेम जाईल एवढेच भोक. व्यास निम्मा झाला की पाण्याच्या वाटेचे क्षेत्रफळ चौथाईवर येते, हे शाळेतले गणित त्या दिवशी प्रथमच हाताला लागले. त्यात आमचे पाणी ठरावीक वेळीच येते. नळ भरतो, रिता होतो, आत हवा शिरते आणि गंजाला आणखी बळ मिळते.

गळती बहुधा सांध्यापाशी सुरू होते. तेथे आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो आणि नळाची जाडीही कमी होते. लोखंडाला पितळी कॉक थेट जोडला असेल, तर त्या जोडाजवळ लोखंड आणखी लवकर खाल्ले जाते. आमच्या एल्बोला सुईच्या अग्राएवढे छिद्र होते. तेवढ्याने तीन वर्षे काकूंचे छत भिजले.

दुसरा दोष सांडपाण्याच्या वाटेवर होता. मोरीच्या तोंडाशी जाळीखाली जे भांडे असते, त्याला प्लंबर लोक 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजी नकाशांतही हा आपला 'न्हाणी' शब्द ठाण मांडून बसला आहे, हे पाहून मला मौज वाटली. या भांड्यात सुमारे पाच सेंटिमीटर पाणी कायम उभे असते आणि ते गटारातली दुर्गंधी अडवते. संडासाच्या वाकड्या नळाचे तत्त्वही हेच. लंडनमध्ये घड्याळे करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली तशा नळाचे पेटंट घेतले होते. बंद घर उघडल्यावर वास येतो तो बहुधा हे पाणी सुकल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतले की काम होते.

आमचा ट्रॅप बिडाचा होता आणि तो शाबूत होता. मात्र त्याच्या कडेचे सिमेंट सुटले होते. फरशीखाली स्लॅब खोलगट असतो. त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा भरलेला असतो. कडेने झिरपलेले पाणी त्या विटांत साठे आणि हळूहळू खाली उतरे. वरची लादी मात्र लखलखीत! पाच वर्षांपूर्वी आम्ही जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. दुखणे आम्ही झाकले होते, एवढेच.

बाबांनी रात्री बसून हिशेब पुन्हा मांडला. छतापर्यंतच्या टाइल्स खांद्यापर्यंत आल्या, बेसिन जुनाच राहिला, आणि वाचलेला पैसा नळ, कोबा व काकूंचे छत यांकडे गेला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरचे सामाईक नळ आणि त्यांची गळती संस्थेने पाहायची. सदनिकेतल्या न्हाणीघराची आतली गळती ज्याची त्याने. खर्च आमचाच होता.

कामाचा क्रम असा. तोडफोडीआधी सांडपाण्याच्या नळाचे तोंड गोणपाटाने घट्ट बंद करायचे, नाहीतर विटांचा चुरा सगळ्या इमारतीचा नळ तुंबवतो. नवे नळ आम्ही सीपीव्हीसीचे घेतले. ते गंजत नाहीत आणि गरम पाण्यालाही चालतात. त्यांची तोंडे बंद करून पंपाने दाब देऊन पाहायचे, आणि तेही भिंत बुजवण्यापूर्वी. मग त्यांची छायाचित्रे मापांसह घ्यायची, म्हणजे पुढे खिळा ठोकताना नळ फुटणार नाही. नंतर स्लॅबला जलरोधक थर, त्यावर कोबा, आणि मोरीकडे मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार. टाइल्स सर्वांत शेवटी.

पण टाइल्सच्या आधी एक परीक्षा असते. मोरीचे तोंड बांधून, दाराशी सिमेंटचा उंबरा घालून न्हाणीघरात चार बोटे पाणी दोन दिवस उभे ठेवायचे. ते दोन दिवस आम्ही वर पाण्याची पातळी पाहत होतो आणि काकू खाली छत पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. काकू जिना चढून आल्या होत्या. बाबांकडे पाहून म्हणाल्या, ''कोरडं आहे हो.'' आईने चहा ठेवला.

इंग्रजीतला 'प्लंबर' हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लंबम'वरून आला. सांधे शिशाने भरणारा तो प्लंबर. आमच्या मिस्त्रींनी शिसे वापरले नाही, पण सांधा मात्र भरून दिला.

आपण घर पाहतो ते लादीच्या वर. लादीखाली मात्र आपल्या घराची जमीन ही कोणाचे तरी छत असते. जुने घर नवे करायला निघालात, तर टाइल्सच्या दुकानात जाण्यापूर्वी एकदा खालच्या मजल्यावर जाऊन या, एवढेच सांगणे.