तीन चौकोनांतले गुर्जर

आज शब्दकोड्यातला एक फसवा आडवा शब्द पाहू. ‘एकच प्याला’चे पदकार, अक्षरं तीन. इथे नोएडात माझी नात चटकन म्हणाली, “गडकरी!” पण ग-ड-क-री ही चार अक्षरं. फौजेत आम्ही शिकलो, नकाशा जमिनीशी जुळेना तर आधी आपला अंदाज तपासा.

नाटक राम गणेश गडकऱ्यांचं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांची सिंधू गायची ते शब्द गुर्जरांचे. तरी नाव मागे पडलं.

म्हणून ‘नाटककार’ आहे की ‘पदकार’, नीट वाचा. जोडाक्षराला चौकोन एकच: गु-र्ज-र. एवढं भरलं, तरी त्यांचं थोडं देणं फिटेल.