बॉयडेममधला वेताळ



वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर ही नावे काढली की आपल्या समाजातल्या साठी-सत्तरी उलटलेल्या माणसांचे चेहरे अजून खुलतात. भायखळा असो, नागपाडा असो, ठाणे असो की अलिबाग, शाळेतून घरी येताना कोपऱ्यावरच्या वाचनालयात दहा-वीस पैसे टाकायचे, इंद्रजाल कॉमिक्सचा अंक घ्यायचा आणि उद्या परत करायचा, हा आपला नेम. एक अंक भाड्याने आणायचा आणि घरातल्या पाच जणांनी तो वाचायचा. आई ओरडायची ती वेगळीच. "अभ्यासाचं पुस्तक घे हातात, ही भुतं काय वाचतोस?" भूगोलाच्या पुस्तकात कॉमिक लपवले नाही असा बेने इस्राएल मुलगा आम्हाला तरी माहीत नाही!

या अंकांबद्दल आज मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की ते आता नाहीसे होत चालले आहेत, आणि होताहेत ते आपल्याच घरांतून. आलिया करताना लोखंडी पेट्यांतून कपडे, भांडी, प्रार्थनेची पुस्तके आली, तसे कुणाकुणाच्या पेटीच्या तळाशी वेताळाचे अंकही आले. इथे आल्यावर ते बॉयडेमवर गेले. (ज्यांच्या घरात बॉयडेम नाही त्यांच्यासाठी: म्हणजे आपला माळा.) आता ती पिढी एकेक करून जात आहे. शिवा उठली की मुले घर रिकामे करायला लागतात. नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांना ती पिवळी पाने म्हणजे रद्दी. लोद, अश्दोद, दिमोना या गावांतून आम्ही हे पुष्कळदा ऐकले आहे. भांडी राहतात, कागद जातो.

प्रथम थोडी माहिती मुलांसाठी. इंद्रजाल कॉमिक्स मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च 1964 मध्ये सुरू केले. पहिल्याच अंकात वेताळाची गोष्ट होती, त्याच्या पट्ट्याची. आधी महिन्याला एक अंक निघे, मग पंधरवड्याला, मग दर आठवड्याला. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतरही भारतीय भाषांत ते निघाले. 1990 मध्ये बंद पडेपर्यंत 800 च्या वर अंक झाले होते. 1976 साली त्यात आपला देशी नायक बहादूर आला. त्याच्या कथा आबिद सुरती यांच्या आणि चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. वेताळाच्या अंकांची ती झगझगीत मुखपृष्ठेही पुष्कळशी याच गोविंदांच्या हातची. म्हणजे आतली गोष्ट अमेरिकेची आणि वरचे चित्र मुंबईचे!

आणि आता गंमत ऐका. ज्या वेताळासाठी आपण आईची बोलणी खाल्ली तो एका ज्यू माणसाच्या डोक्यातून निघालेला. त्याचे नाव ली फॉक, जन्म 1911, अमेरिकेतल्या सेंट लुईस गावी, आडनाव मूळचे ग्रॉस. 1934 मध्ये त्याने मॅन्ड्रेक जादूगार सुरू केला आणि 17 फेब्रुवारी 1936 पासून वर्तमानपत्रात वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. 1999 मध्ये मरेपर्यंत, साठ वर्षांहून जास्त, तो या गोष्टी लिहीतच होता. समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून एक माणूस वाचतो, किनाऱ्याला लागतो, शपथ घेतो, आणि ती शपथ बापाकडून मुलाकडे पिढ्यान् पिढ्या जात राहते. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांची कथा ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली, त्यांना ही गोष्ट इतकी जवळची का वाटली हे वेगळे सांगायला नको. फॉकला आपली कथा ठाऊक होती असे आमचे म्हणणे नाही हं! पण वाचताना आमच्या मनात तीच यायची.

भारतात छापताना मूळ गोष्टीत थोडे फेरफारही केले गेले. वेताळाचा मूळ देश बेंगाला, तो इंद्रजालमध्ये डेंकाली झाला. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले, उगाच कुणाची मने दुखायला नकोत म्हणून. शिवाय वर्तमानपत्रातल्या लांबट पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवण्यासाठी चित्रे कापली, मागेपुढे केली. म्हणून जुन्या अंकांचा नाद असलेले लोक मूळ पट्टी आणि इंद्रजालचे पान शेजारी ठेवून काय काय गाळले ते शोधत बसतात. हा वेडेपणा आहे खरा, पण गोड वेडेपणा.

वेताळच कशाला, अमेरिकेतली निम्मी कॉमिक्सची दुनिया आपल्या लोकांनी उभी केली. सुपरमॅन काढला तो जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन ज्यू पोरांनी. घरची गरिबी इतकी की शुस्टर मिळेल त्या कागदावर, पुडीच्या कागदावरसुद्धा चित्रे काढी असे सांगतात. सुपरमॅन पहिल्यांदा 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, जून 1938 चा अंक, किंमत 10 सेंट. त्याचे सगळे हक्क या दोघांनी 130 डॉलरला विकले. विकले कसले, घालवले! पुढे सुपरमॅनवर कंपनीने गडगंज पैसा केला आणि हे दोघे कोर्टकचेऱ्या करीत म्हातारे झाले. अखेर 1975 मध्ये बरीच ओरड झाल्यावर कंपनीने दोघांना वर्षाला 20,000 डॉलर देऊ केले आणि त्यांचे नाव पुन्हा छापायचे कबूल केले. त्या 130 डॉलरचा समावेश असलेला 412 डॉलरचा चेक कुणीतरी जपून ठेवला होता. त्यावर दोघांचीही नावे चुकीची लिहिलेली आहेत. 2012 मध्ये तो चेक लिलावात 1,60,000 डॉलरला गेला. चेकच्या कागदाला जे मिळाले ते चित्र काढणाऱ्याला मिळाले नाही.

कॅप्टन अमेरिका काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी हेही ज्यू. कर्बीचे खरे नाव जेकब कुर्ट्झबर्ग. मार्च 1941 ची तारीख असलेल्या पहिल्या अंकावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या थोबाडीत ठोसा मारतो आहे. त्या वेळी अमेरिका अजून युद्धात उतरलीसुद्धा नव्हती. युरोपात आपल्या लोकांचे काय चालले होते ते आठवा, म्हणजे त्या ठोशाची किंमत कळेल.

आता जुन्या अंकांना एवढा भाव का येतो? मुलांना वाटते, जुने म्हणजे महाग. तसे नाही. छापले किती याला महत्त्व नाही, उरले किती याला आहे. 'अॅक्शन कॉमिक्स'च्या त्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या, आज शंभरेक उरल्या असतील. मुलांनी वाचून फाडल्या, आयांनी फेकल्या, महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमेत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. 2024 मध्ये त्यातली एक प्रत 60 लाख डॉलरला विकली गेली. त्याहून मजेची गोष्ट 2025 ची. कॅलिफोर्नियात तीन भाऊ आईच्या पश्चात तिचे घर आवरत होते. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली एका खोक्यात त्यांना 1939 चा 'सुपरमॅन'चा पहिला अंक सापडला. आईने आणि तिच्या भावाने लहानपणी घेतलेला. तिकडची हवा थंड, म्हणून कागद चांगला राहिला. नोव्हेंबर 2025 मध्ये तो 91 लाख डॉलरच्या वर गेला. आई मुलांना सांगायची म्हणे, माझ्याकडे जुनी कॉमिक्स आहेत. आई सांगते ते ऐकावे!

आता लगेच शिडी घेऊन बॉयडेमवर चढू नका. इंद्रजालच्या अंकाला कुणी लाखो शेकेल देणार नाही. पण सुरुवातीचे, कमी क्रमांकाचे अंक, त्यातही इंग्रजीपेक्षा मराठी, जमवणारे लोक खूप शोधत असतात. अमर चित्रकथेचे वेगळे आहे. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेली ती मालिका आजही छापली जाते, 'कृष्ण' तर कितीदा निघाला असेल देव जाणे. त्यामुळे पहिल्या छपाईची प्रत कुठली हे किंमत आणि आतली यादी पाहून ओळखावे लागते. इंद्रजाल बंद पडले ते पडले.

पुष्कळांच्या वडिलांनी दहा-वीस अंक एकत्र करून बाइंडरकडून पुठ्ठ्यात बांधून घेतले होते. बांधताना कडा कापल्या जातात, कधी मुखपृष्ठे काढली जातात, म्हणून जमवणारे अशा पुस्तकाला नाक मुरडतात. आम्ही मात्र म्हणू की त्या पुठ्ठ्यानेच आतली पाने वाचवली. सुटे अंक कधीच गेले. बांधलेले पुस्तक उसवू नका.

अंकांहूनही दुर्मिळ म्हणजे मूळ चित्र, चित्रकाराने आपल्या हाताने काढलेले. मुलांनो, कॉमिक छापून येण्याआधी ते कसे दिसते माहीत आहे? काळे-पांढरे! जाड पांढऱ्या कागदावर आधी पेन्सिलने, मग टाक आणि ब्रशने काळ्या शाईत काढतात, आणि छापील पानापेक्षा बरेच मोठे, म्हणजे छोटे करताना रेघ सुबक दिसते. चुकले तर पांढरा रंग लावतात. फिकट निळ्या पेन्सिलीच्या खुणा तशाच ठेवतात, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नाही. रंग नंतर छापखान्यात बारीक ठिपक्यांनी भरायचे. म्हणून कुणी "हे अस्सल चित्र" म्हणून दाखवले तर भिंगाखाली धरा. ठिपके दिसले की ती छपाई. शाईच्या रेघेत ठिपके नसतात.

ही मूळ पाने एकेकाळी कुणी जपलीच नाहीत. छापून झाले की छापखान्यात फाडली, फेकली, कुणा आल्यागेल्याला दिली. जॅक कर्बीने हजारो पाने काढली, आणि ती परत मिळावीत म्हणून त्याला कंपनीशी वर्षानुवर्षे भांडावे लागले. 1987 मध्ये मिळाली ती त्यातली थोडीच. बाकीची कुठे गेली?

इथे इस्राएलमध्येही पाहण्यासारखे आहे. होलोनला 2007 मध्ये व्यंगचित्रे आणि कॉमिक्स यांचे म्युझियम उघडले. इथल्या मुलांचे जुने कॉमिक म्हणजे 'दावार लियेलादीम' साप्ताहिकातला उरी मुरी. चित्रे आर्ये नवोन यांची, खालच्या ओळी कवयित्री लेआ गोल्डबर्ग यांच्या. आणि तेंबेल टोपी घातलेला तो छोटा स्रुलिक आपल्या सर्वांच्या ओळखीचा. तो काढणारे दोश हे बुडापेस्टचे, शोआतून वाचलेले. सुट्टीत सबा-सवतांनी नातवंडांना घेऊन होलोनला जरूर जावे, आधी फोन करून वेळ मात्र विचारावी.

नातवंडांना वेताळ दाखवताना एक मजा होते. हिब्रू वाचणारे मूल पुस्तक उलट्या बाजूने उघडते आणि पहिल्या फटक्यात शेवट वाचून मोकळे! एका घरात आम्ही पाहिले, नातू चौकटी उजवीकडून डावीकडे बघत होता, त्यामुळे चोर आधी बेशुद्ध पडला आणि ठोसा मागून बसला. परदेशी कॉमिक्स हिब्रूत आणताना कधी कधी चित्रेच आरशासारखी फिरवतात, पण वेताळाला ते चालायचे नाही. कवटीची अंगठी त्याच्या उजव्या हातात आणि संरक्षणाच्या खुणेची डाव्या हातात. चित्र फिरवले की मित्राच्या घरावर कवटी उमटायची!

आता जतन कसे करावे ते. वर्तमानपत्री कागदात आम्ल असते, तो आपसूक पिवळा पडतो आणि उन्हाने लवकर तुटतो. किनाऱ्यावर अश्दोदला दमट हवेने पाने चिकटतात, पिना गंजतात. नेगेवमध्ये कोरड्या उष्णतेने कडा चुरतात. बॉयडेम उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, म्हणून पेटी आधी खाली आणा आणि घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद खातो. साध्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा आम्लविरहित कागद बरा. पाने उलटताना हात कोरडे हवेत, मटणाचे नकोत.

आणि अंक मूल वाचणार असेल तर गोष्टीचा हिब्रू अर्थ वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा. त्याच कागदावर अंक कुठल्या गावात घेतला, कुणी घेतला, केवढ्याला, हेही लिहा. पेन्सिलने लिहा. बॉलपेन अंकाच्या जवळसुद्धा नेऊ नका, शाई पाझरते.