डिझाइन आणि संशोधन (लेखांक ४) : पाहिलेले कागदावर आणताना

डिझाइनच्या विद्यार्थ्याला वस्तू पाहायची सवय असते. रेखाटन, फोटो, मॉडेल ही त्याची रोजची भाषा. अडते ते प्रबंध लिहिताना. डोळ्यांनी पाहिलेले काय, त्यावरून केलेला तर्क कोणता आणि दुसऱ्या अभ्यासकाचे मत कोणते, हे तिन्ही एकाच परिच्छेदात मिसळून जाते आणि परीक्षकाला त्यातला पुरावा सापडत नाही.

ही गुंतागुंत सुटते प्रश्नापाशी. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारसाठी १९५८ साली ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तिच्यामागे हा अहवाल होता. त्यात साध्या लोट्याविषयी विचारलेले प्रश्न आजही प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावेत असे आहेत. पाणी किती मावावे, भांडे डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचे, भरलेले आणि रिकामे असताना तोल कुठे जातो, आतून घासायला हात जातो का, दुसऱ्या भांड्यावर आपटल्यास आवाज कसा येतो. ‘लोट्याचे सौंदर्य’ हा नुसता विषय झाला. वरच्या प्रत्येक प्रश्नाला मात्र पाहून, मोजून किंवा विचारून उत्तर मिळू शकते.

‘देवनागरी अक्षरांचा बदलता चेहरा’ असा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यानेही तो असाच खाली आणायला हवा. एसटीच्या गाडीवरचे गावाचे नाव प्रवाशाला किती अंतरावरून वाचता येते? ‘सातारा’ जितक्या लांबून वाचता येते तितक्या लांबून ‘त्र्यंबकेश्वर’ येते का? दुसऱ्या नावात जोडाक्षरे आहेत, डोक्यावर अनुस्वार आणि मात्रा आहे, शिवाय तेवढ्याच पाटीत जास्त अक्षरे बसवायची आहेत. मग अडचण नेमकी कशाची, जोडाक्षराची की आकार लहान झाल्याची? इथे संशोधन सुरू होते, कारण उत्तरासाठी दोन्ही गोष्टी वेगळ्या करून तपासाव्या लागतात.

नोंदवहीत ‘पाटी अस्पष्ट आहे’ असे लिहिले तर महिन्याभराने त्याचा काही उपयोग होत नाही. ‘संध्याकाळी सहा, पाटीवर तिरपे ऊन, गाडी फलाटाला लागल्यावरही दोन वयस्कर प्रवाशांनी कंडक्टरला गाव विचारले’ ही नोंद उपयोगी पडते. डाव्या पानावर दिसलेले आणि उजव्या पानावर त्याचा लावलेला अर्थ, एवढी शिस्त पाळली तरी प्रबंधाचे निम्मे काम सोपे होते. माणसांचे फोटो घेण्याआधी त्यांना विचारणे हाही याच शिस्तीचा भाग आहे.

वाचन या निरीक्षणाच्या बरोबरीनेच चालावे. देवनागरी मुद्राक्षरांवर बापूराव नाईक यांचा १९७१ चा इंग्रजी ग्रंथ आहे. ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी मुंबई आयआयटीच्या डिझाइन केंद्रात शिकवत. मात्र ‘अमुक असे म्हणतात, तमुक तसे म्हणतात’ अशी रांग लावली म्हणजे पूर्वसाहित्याचा आढावा होत नाही. आपल्या प्रश्नाचा कोणता भाग कोणी सोडवला आणि कोणता राहिला, हे त्यात दिसले पाहिजे. वाचतानाच पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि पानाचा क्रमांक टिपावा; नंतर शोधायला बसले की उसने वाक्य नकळत स्वतःचे होऊन जाते.

स्वतः केलेल्या रचनाही संशोधन ठरू शकतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून १९९३ साली ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलेविषयीचे, कलेतून होणारे आणि कलेसाठीचे संशोधन असा भेद मांडला. त्यातल्या दुसऱ्या प्रकाराचा आधार विद्यार्थी हक्काने घेतात, पण पाटीचे पाच नमुने केले एवढ्याने काही सिद्ध होत नाही. चार का टाकले, हे तारखेसह लिहिलेले असेल तरच वाचकाला तो प्रवास तपासता येतो.

मसुदा सगळी माहिती जमण्याची वाट न पाहता सुरू करावा. लिहू लागल्यावरच कुठली मोजणी राहिली ते कळते. चित्राखाली ‘बसची पाटी’ एवढेच न लिहिता त्यात काय पाहायचे ते सांगावे. निष्कर्षाची मर्यादाही तिथेच नोंदवावी : एका स्थानकावर, दिवसाउजेडी, मोजक्या प्रवाशांकडून मिळालेले उत्तर रात्रीच्या गाडीला किंवा दिव्यांच्या पाटीला लागू होत नाही; त्यासाठी वेगळी चाचणी घ्यावी लागते.